नांगीतला काटा

सांगली,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय अंजना,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. शिवतेजनाही सांग. इकडे सगळे ठीक आहोत. अम्मीचे गुडघे पावसाळ्यात जेवढे कुरकुरतात तेवढे कुरकुरतायत, अब्बा रोज कुपवाडला वर्कशॉपवर जातात, आणि आमच्या मतीनने जुना टेम्पो घेतलाय. त्याला तो दिवसातून दोनदा पुसतो. स्वतःचं ताट कधी उचललं नाही पठ्ठ्याने.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर मी नको त्या विषयाकडे वळले की नेमका तुझ्या लॅबमध्ये पेशंट येतो. मेसेज केला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सगळं शांत. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडून टाकशील.

आधी कामाचं. तू साताऱ्यात दिवसभर माणसांचं रक्त बघतेस, मी सांगलीत खेकड्यांचं. कराडच्या हॉस्टेलवर एका खोलीत एकच प्राणिशास्त्र घोकलं आणि वाटण्या अशा झाल्या. तुझं रक्त निदान लाल तरी असतं. माझं पाण्यासारखं, उजेडात धरलं तर जरासं निळसर. आणि दम म्हणून नाही त्याला. मागच्या पायाच्या सांध्यात सुई घालून ओढलं की बघता बघता त्याची जेली होते. म्हणून सिरिंजमध्ये आधीच सायट्रेट घेऊन ठेवायचं आणि मग पळत सूक्ष्मदर्शकाकडे जायचं. माझी पहिली कितीतरी सँपल्स अशी गोठूनच गेली.

तुमच्याकडे पांढऱ्या पेशींच्या पाच जाती, आमच्याकडे ढोबळ तीन. एक अगदी स्वच्छ, काचेसारखी, आत काही नाही. दुसरीत थोडे बारीक दाणे. तिसरी राजगिऱ्याच्या लाडवासारखी दाण्यांनी गच्च. निरोगी खेकड्यात या तिघी कुठल्या प्रमाणात असतात ते ठरवायचं, एवढाच माझा पीएच.डी.चा विषय. उद्या कुणाला फवारणीच्या पाण्याने ओढ्यातले खेकडे आजारी पडतात का ते तपासायचं असेल, तर धडधाकट खेकडा कसा असतो ते आधी माहीत हवं ना. ऐकायला सोपं आहे. पण काही पेशी दुसरीत बसतात की तिसरीत, यावरून माझं आणि माझ्या गाईडचं, म्हणजे देशिंगकर मॅडमचं, रोज वाजतं. मॅडम म्हणतात, "दाणे मोजू नकोस, पेशीकडे बघ." मी बघते. पेशी माझ्याकडे बघते. दोघींनाही काही कळत नाही.

तर माझ्या खेकड्यांत दाणेदार पेशी फारच कमी निघाल्या. बाकीच्यांच्या शोधनिबंधांत त्या भरपूर आहेत, माझ्याकडे शोधाव्या लागतात. आठवडाभर टाकीत आरामात ठेवूनही तेच. पहिल्या वर्षी वाटलं मीच चुकतेय. दुसऱ्या वर्षीही तेच आल्यावर मॅडम खूश झाल्या. त्या ओढ्याचे खेकडेच वेगळे आहेत, असं त्यांचं मत पडलं. आणखीही दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, हे खेकडे फार गरीब. नांगी उगारतात पण चावत नाहीत. दुसरी, प्रत्येकाच्या दोन्ही नांग्यांच्या सांध्यावर एकेक काळा ठिपका, लहान बाळाला तीट लावतात तसा. मी दोन्ही गोष्टी फोटोसकट अहवालात लिहिल्या. 'या ओढ्यातील खेकड्यांची वैशिष्ट्ये' असा मथळा दिला. मॅडमनी त्यावर पेपर लिहायला घेतला.

हस अजून थोडी, कारण पुढे हसशील असं वाटत नाही. ओढा तुमच्या गावचा आहे. म्हसोबाचा ओढा. आणि खेकडे धरून देतात तुझे आबा.

पत्र खाली ठेवू नकोस. दोन वर्षं हे तुझ्यापासून लपवलं. तुला विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलंच नाही. मिरजेच्या आणि इथल्या बाजारात मिळतात ते खेकडे नांग्या मोडलेले, अर्धमेले. मला धडधाकट हवे होते. तेव्हा हॉस्टेलवर तू सांगायचीस ते आठवलं, की आबा पाण्यात हात घालून दगडाखालचा खेकडा न बघता बाहेर काढतात. एका रविवारी कराडला उतरून वडापची जीप धरली आणि सरळ दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं मला. तुझी आई गेली तेव्हा मी आले होते ते त्यांच्या लक्षात होतं. "सांगलीची सुमैरा न्हवं का तू?" म्हणाले. तुझं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मला धडधाकट, जखम नसलेले खेकडे पाहिजेत, एवढंच मी सांगितलं. "तेवडंच ना? मिळतील की," म्हणाले.

त्यांच्या मनाविरुद्ध तू शिवतेजांशी लग्न केलंस त्या दिवशी ते "माझं तोंड बघू नगंस" म्हणाले होते आणि तू "बघत नाही" म्हणून पायरी उतरलीस, हे मला तूच सांगितलं आहेस. मी त्यात पडत नाही. बाप आणि लेक दोघेही हट्टी, मध्ये जो जाईल त्याचा चेंदा. मी खेकडे घ्यायला जात होते, बास.

पण घर कसं आहे ते तरी तुला सांगायला हवं. स्वच्छ आहे. स्वयंपाक ते स्वतःच करतात, आमटी बरी करतात, भाकरी जाड होते. मी यायच्या दिवशी अंगण झाडलेलं असतं. पहिल्या वेळी ते खाटेवर नुसते बसून होते, टीव्ही बंद. आता ओढ्यात कुठल्या वळणाला कसला खेकडा आहे ते मला दम न घेता सांगतात. मला चहा देतात, आणि कपात दूध जास्त घालतात, कारण त्यांच्या मते शिकणारी पोरगी वाळलेली असते.

गेल्या पंधरवड्यात टाकीतला एक खेकडा मेला. मेलेला वाया कशाला घालवायचा, म्हणून मी त्याची नांगी कापून तो काळा ठिपका जवळून बघितला. आत काट्याचं टोक होतं. बाभळीच्या काट्याचं, मोडून अडकलेलं.

 मग सगळं एकामागून एक जुळत गेलं. खेकड्याला जखम झाली की त्याच्या दाणेदार पेशी तिथे धावतात, फुटतात, आतले दाणे सोडतात, आणि त्याने जखम काळी पडून बंद होते. हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, आपण दोघींनी पाठ केलेलं. माझ्या खेकड्यांत त्या पेशी कमी नव्हत्या गं, खर्च झाल्या होत्या. वैशिष्ट्य नाही, तीट नाही, काही नाही. दोन वर्षं मी जखमी खेकडे मोजले आणि त्यांना निरोगी म्हटलं.

आणि चावत नव्हते ते गरीब म्हणून नव्हे. सांधाच दुखावलेला, चावतील कशाने?

खेकडा खाणाऱ्या घरात वाढले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आमच्यात खेकडा चालत नाही. घरात कुणी धरलेला नाही, मोडलेला नाही. अम्मी तर मी लॅबमधून आले की दारातच विचारते, "हाथ धोई क्या?" मला काय माहीत नांगीचं काय करतात ते. पण तुला एक फोटो पाठवला असता तर तू एका मिनिटात सांगितलं असतंस. पाठवला नाही, कारण मग कुणाचे खेकडे म्हणून विचारलं असतंस. लपवल्याची शिक्षा अशी बरोबर मापाने मिळाली मला.

गेल्या रविवारी जाऊन आबांना विचारलं. मी चिडले नव्हते, खरंच. काट्याचं टोक कागदात गुंडाळून नेलं होतं, ते पुढे ठेवलं. त्यांना काहीच वाटलं नाही. "ह्यो मोडला व्हय. बाकीचं मी काडूनच देतो की," म्हणाले. मी म्हटलं, काका, मी जखम नसलेले मागितले होते. तर म्हणाले, "मग? नांगी कुटं मोडली मी? समदी मोडत्यात, मी मोडली न्हाई. सांध्यात काटा घालतो, मंग नांगी मिटत न्हाई, घरी आलं की काडतो. ही काय जखम हाय व्हय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. पेशी, दाणे, काळा ठिपका, सगळं. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू सुई टोचतीस ती चालती, आन माजा काटा चालत न्हाई?"  माझी सुई गेल्यावर काय होतं ते मी मोजतच नाही, हे कसं सांगणार.

शेवटी मी म्हटलं, यापुढे काट्याशिवाय द्या. तेव्हा ते उठून उभे राहिले. "त्ये जमायचं न्हाई. काट्याबिगर खेकडा मी पोरीच्या हातात देनार न्हाई." मी म्हटलं, मी जाड हातमोजे घालते. तर माझ्याकडे न बघता सांगायला लागले. "आमची अंजी सात वर्सांची व्हती. मी खेकड्याची पाटी टेकवून पाय धूत व्हतो. तिनं हात घातला. नांगी सुटंना. दगडानं फोडली तवा सुटली. तिला नांगीच लय आवडायची, मोडली की आतला रस जातोय, म्हनून मोडायचं सोडलं आन काटा धरला. तवापासनं ह्या घरात काट्याबिगर खेकडा आला न्हाई."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं, अंजना. मी तिथे रडले नाही. कराडच्या स्टँडवर रडले.

तुझ्या डाव्या हाताचं ते वाकडं नख मी तीन वर्षं रोज बघितलंय. तू म्हणायचीस, खेकड्याने घेतलं, आणि हसायचीस. तू विसरूनही गेली असशील. ते विसरलेले नाहीत. तुला घरात घेत नाहीत, पण तू हात घालशील म्हणून अजून काटे घालतायत.

आता अडचण सांगते. मॅडमना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते वैशिष्ट्यांचं प्रकरण आधी काढून टाक." पेपर थांबला. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. ओढ्याचं पाणी उतरायच्या आत, म्हणजे पुढच्या महिन्यात, त्याच ओढ्याचे न दुखावलेले खेकडे मिळाले तर काम वाचेल, जखमीची आणि निरोगीची तुलनाही होईल. नाही मिळाले तर वर्ष गेलं, आणि त्यापुढे मला मुदत नाही. गावातली पोरं नांग्या मोडल्याशिवाय धरत नाहीत. मतीनला घेऊन मी स्वतः ओढ्यात उतरून बघितलं. मतीनचा बूट गेला. खेकडा मिळाला नाही.

आणि दुसऱ्या कुणाकडून घेतले तर तुझे आबा परत त्या खाटेवर बसतील. हेही मला नको आहे, आणि हे मी संशोधनासाठी म्हणत नाही.

माझं ते ऐकणार नाहीत. मी परक्याची लेक, माझं बोट गेलं तर माझ्या आईला काय सांगू म्हणतात. ज्या बोटाची त्यांना भीती आहे ते तुझ्याकडे आहे. तू एकदा ये. त्यांच्यादेखत काट्याशिवायचा खेकडा उचलून दाखव. बोलू नकोस हवं तर. माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस. एक खेकडा उचल आणि जा.

मी यातून काही वेगळं घडवायला बघतेय असं तुला वाटेल. बघतेय. पण खेकडेही खरंच पाहिजेत.

६ ऑक्टोबरला, रविवारी, मी सकाळपासून तिथेच असेन.

तुझी,
सुमैरा


सांगली,
शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

प्रिय अंजना,

तू आलीस ते तुला माहीतच आहे. शिवतेज म्हसोबाच्या देवळाशी मोटारसायकल लावून थांबले आणि तू एकटी आत आलीस, पाटीतला सगळ्यात थोराड खेकडा मागनं धरून उचललास, आबा "सोड, सोड आदी" म्हणत राहिले आणि तू सोडला नाहीस, हे सगळं मी सांगायला नको. चहा तसाच टाकून गेलीस.  

तू गेल्यावरचं मात्र तुला माहीत नाही. ते दारात उभे होते, गाडीचा आवाज जाईपर्यंत. मग आत येऊन तुझा चहा पिऊन टाकला. "वाया कशाला घालवायचा," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मागनं धरायचं मीच शिकिवलं व्हतं तिला. बोट बरं झाल्यावर. धरतच न्हवती, लय रडायची."  

गेल्या रविवारी पहिली पाटी काट्याशिवाय मिळाली. आबांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती आणि डाव्या अंगठ्यावर हळद. इतकी वर्षं धरला की लगेच काटा घालायची सवय, आता मोकळ्या नांगीचे खेकडे पाटीत टाकता-काढताना चावणारच. मी हातमोजे देऊ केले तर म्हणाले, "त्ये तू घाल. मला पान्यात हाताला कळाय पायजे." टाकीत सोडताना एकाने माझ्या हातमोज्याचं बोट धरलं ते मतीनने येऊन सोडवलं. गरीब खेकडे म्हणे.

काल रक्त काढलं. अंजना, दाणेदार पेशी आहेत. भरपूर आहेत, जिकडे बघावं तिकडे राजगिऱ्याचे लाडू. अगदी बाकीच्यांच्या निबंधांत असतात तशा. म्हणजे आपल्या ओढ्याचे खेकडे जगातल्या कुठल्याही खेकड्यासारखेच निघाले आणि माझा शोध गेला. मॅडम जरा हिरमुसल्या, मग स्वतःच आकडे घेऊन बसल्या. मला इतकं बरं वाटलं की मी अम्मीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, हात धुतलेस का.

आता या बादलीबद्दल. आज सकाळी दुसरी पाटी आणायला गेले होते. निघताना आबांनी माझी पाटी बांधून दिली आणि फडक्यात गुंडाळलेले दोन खेकडे वेगळे दिले. "ह्ये अंजीला. तुज्या मोजायला न्हाईत." मी फडकं उघडून बघितलं. दोघांच्याही नांग्यांत काटे. माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यातला काटा काडू नगंस. तिला साफ करायच्यात ह्ये."

मी पायरी उतरले तेव्हा मागून हाक मारली. त्यांना अंगणातल्या दोरीकडे काहीतरी काम होतं, तिकडे तोंड करूनच विचारलं, "जावयाला चालतंय का खेकडं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण चालत असेल. तर परत आत गेले आणि आणखी दोन घेऊन आले. त्यांनाही काटे घातलेले.

तर चार आहेत. रात्रीपुरते ते आमच्या मोरीत बादलीत, वर परात, परातीवर वरवंटा. अम्मीने एवढं चालवून घेतलंय ते तुझ्यासाठी, हे लक्षात ठेव. मतीन उद्या सकाळी टेम्पो घेऊन साताऱ्याला येतोय, त्याच्या हातून बादली आणि हे पत्र देते. उद्याच कर, ठेवू नकोस.

या चौघांचं रक्त मी तपासणार नाही. त्यात काय निघेल ते मला न बघता सांगता येईल.

कालवण कसं झालं ते मला कळवू नकोस. मला त्यातलं काही कळत नाही, आणि आमच्यात चालतही नाही. ज्यांनी पाठवलेत त्यांना सांग. त्यांचा नंबर तोच आहे.

तुझी,
सुमैरा